आलोचभाऊंचा नकार

डोंगरमाथ्यावरच्या त्या गावात सपाट जागा म्हणून एकच होती. बाकी सगळं गाव चढणीला चिकटलेलं. घर म्हणावं तर पुढून एकमजली आणि मागून तीनमजली. शेजारणीकडे साखर मागायची तर एकीने मान वर करायची आणि दुसरीने कठड्यावरून ओणवं व्हायचं. पोरांच्या हातून चेंडू सुटला की तो थेट खालच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहायचा, जणू त्यालाच गाडी पकडायची होती. म्हणून पोरं खेळायची ती बाजाराच्या टोकाशी असलेल्या त्या एका पठारावर. त्याला कोणी नावही दिलं नव्हतं. 'सपाटी' म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

अशा या गावाला स्वतःची नगरपरिषद मिळाली. त्याआधी सगळा कारभार खाली दरीतल्या शहरातून चालायचा. रस्त्यावरचा दिवा गेला, अर्ज खाली. गटार तुंबलं, अर्ज खाली. अर्ज घसरत घसरत पटकन जायचा, पण उत्तराला चढणीचा दम लागायचा. तेव्हा आता आपला कारभार आपण बघायचा म्हटल्यावर गाव हरखून गेलं. निवडणूक झाली आणि सगळ्यात जास्त मतं पडली ती जुन्या मोठ्या हॉटेलातल्या हेड वेटरला.

त्याचं कागदावरचं नाव वाचून अर्धं गाव बुचकळ्यात पडलं होतं. "हा कोण बुवा?" असं जो तो विचारायला लागला. मग कोणीतरी म्हणालं, "अरे, आपले आलोचभाऊ!" आणि तिथेच निवडणुकीचा निकाल लागला.

आलोचभाऊ हे नाव त्यांना पाहुण्यांनीच दिलं होतं. जेवणघराच्या कुठल्याही कोपऱ्यातून कोणी बोट वर केलं, की यांचं "आलोच!" आधी पोचायचं आणि मागून ते स्वतः. हॉटेलच्या जुन्या मालकाचा एकच कायदा होता. 'नाही' हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवून आत यायचं. एखादा पदार्थ संपला की आचारी खिडकीतून पंजा उलटा करून दाखवायचा. तो दिसला की आलोचभाऊ पाहुण्याच्या कानाशी वाकायचे आणि गुपित सांगावं तसं म्हणायचे, "साहेब, मासे तर आहेतच. पण आजचं सूप असं जमलंय, की आमचा आचारी स्वतःच पातेल्याशेजारून हलत नाहीये." साहेब सूप प्यायचे आणि आपण मोठी निवड केली म्हणून खूश व्हायचे. मासे संपले होते हे त्यांना घरी गेल्यावरही कळायचं नाही.

एकदा तर एका बाईंनी खिडकीकडे बोट दाखवून फर्मावलं, "एवढे पैसे भरून आलोय, समोरचा डोंगर दिसत नाही. तो ढग हटवा." दुसरा वेटर असता तर हसला असता. आलोचभाऊ म्हणाले, "आलोच!" आत जाऊन त्यांनी सावकाश चहा आणला, मग बिस्किटं आणली, मग चमचा बदलून आणला. तेवढ्यात ढग सरकला. यांनी हातातल्या रुमालाने काच पुसल्यासारखं केलं आणि म्हणाले, "झालं बाईसाहेब." त्या बाई पुढे दरवर्षी त्याच टेबलावर बसायला यायच्या.

तर अशा माणसाला गावाने नगराध्यक्ष केला. का नाही करणार? ज्याच्या तोंडून कधी कोणाला नकार ऐकू आला नाही, तो अध्यक्ष कोणाला नको असेल? फक्त त्यांच्या बायकोने मत देऊन आल्यावर कपाळाला हात लावला. "गावाला काय कळतंय! मी यांच्या होकाराला कधी भाव दिला नाही, म्हणून आमचा संसार टिकला."

नगरपरिषदेला कचेरी नव्हती, तेव्हा हॉटेलने आपली बिलियर्डची जुनी खोली दिली. तिथलं अवजड टेबल दाराबाहेर निघेना, म्हणून त्याच्यावर फळ्या टाकून त्याचंच सभेचं टेबल केलं. ते जरा उंच होतं. बुटक्या कंपाउंडरची हनुवटी फळीला टेकायची. खुर्च्या हॉटेलाहॉटेलांतून आलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. टेबलाच्या कोपऱ्यांतल्या जाळ्यांत आता चेंडूंऐवजी पेन्सिली आणि अर्जांच्या गुंडाळ्या असायच्या. सभासद एकूण पाच. आलोचभाऊ, कंपाउंडर, फोटोग्राफर, बेकरीवाला आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीबाई.

पहिल्या सभेला आलोचभाऊ खुर्चीच्या मागेच उभे राहिले. प्रत्येकाची खुर्ची मागे ओढून दिली, बसल्यावर पुढे सरकवली, आणि हात मागे बांधून विचारलं, "काय घेणार मंडळी?"

"मी बिनसाखरेचा," बेकरीवाला सवयीने म्हणाला.

"आलोच!" म्हणून आलोचभाऊ निघालेसुद्धा.

लाँड्रीबाईंनी त्यांच्या कोटाची शेपटी पकडली. "अहो अध्यक्ष, बसा! तुमची सभा आहे. तुम्ही चहा आणायला गेलात तर ठराव काय मी कपबशीवर लिहू?"

सगळे हसले, आलोचभाऊही हसले, आणि बसले. पण खुर्चीच्या अगदी काठावर. मागच्या दाराकडे एक कान ठेवून.

पहिले काही दिवस मजेत गेले. येणारा प्रत्येक माणूस हसत बाहेर पडायचा. आणि त्याच दिवसांत, एका पाठोपाठ एक, तिघं जण सपाटीचा विषय घेऊन येऊन गेले.

पहिले आले आलोचभाऊंचे साडू. ते घोडेवाले. पाहुण्यांना घोड्यांवरून डोंगरकडा दाखवायचं त्यांचं काम. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि दोघांची घरंही एकाच उतारावर, साडूंचं वर, आलोचभाऊंचं खाली. वरच्या अंगणातून ताईने पीठ चाळलं तर खालच्या धाकटीच्या केसांत पडायचं, इतकं जवळ. साडूंचा तबेला घरामागच्या उतारावर होता. त्याची एक बाजू खचत चालली होती.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "सपाटीच्या कोपऱ्यात तबेल्याला जागा द्या. थंडी तोंडावर आलीय. म्हाताऱ्या घोडीला त्या तिरक्या जमिनीवर नीट बसताही येत नाही."

"अहो, तुमचं काम आणि मी मागे सरेन?" आलोचभाऊ म्हणाले. "व्यवस्था होईल."

दुसरे आले टॅक्सीवाल्यांचे पुढारी. त्यांना सगळे मिशीवालेच म्हणायचे, कारण आधी मिशी यायची आणि मग माणूस. त्यांना सपाटीवर टॅक्सीचा तळ हवा होता. "व्यवस्था होईल," आलोचभाऊंनी सांगितलं. तिसऱ्या आल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, "मुलांचं खेळायचं मैदान म्हणून कागदावर लिहून द्या, नाहीतर उद्या कोणीतरी बळकावेल." त्यांनाही आलोचभाऊंनी दारापर्यंत पोचवत म्हटलं, "बाई, काळजी सोडा. व्यवस्था होईल."

आता हे सगळं गाव हॉटेलांवर जगणारं. कोणी पाहुण्यांच्या पुढे जेवण ठेवतो, कोणी त्यांच्या चादरी धुतो, कोणी त्यांना फिरवतो. 'व्यवस्था होईल' म्हणजे काय, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक. 'तूर्त शांत बसा, बघू', एवढाच त्याचा अर्थ. हेच शब्द तिघांनीही जन्मभर पाहुण्यांना नाहीतर पालकांना ऐकवले होते. पण गंमत अशी, की स्वतःला ऐकवल्यावर तिघांनाही ते खरे वाटले.

आणि साडूंनी घरी जाऊन तबेल्याचे पत्रे उतरवले. लाकूड चांगलं होतं, पत्रे चांगले होते. नवीन तबेल्याला तेच वापरू म्हणून त्यांनी खांबसुद्धा उपटले.

मग एका सकाळी सपाटीवर जी काय जत्रा भरली! साडू घोड्यांवर खांब लादून आले. मिशीवाल्यांची माणसं चुन्याची बादली घेऊन टॅक्सीसाठी रेघा मारत होती. मुख्याध्यापिका शिट्टी घेऊन मुलांच्या दोन रांगा करत होत्या. घोडे आपल्या पायाने रेघा पुसत पुढे गेले. मिशीवाले ओरडले. मुलांचा चेंडू चुन्याच्या बादलीत पडला आणि पांढरा होऊन बाहेर आला. आणि तिघांच्याही तोंडी एकच वाक्य, "आम्हाला अध्यक्षांनी सांगितलंय!"

तेवढ्यात अध्यक्ष स्वतःच आले. तिघांचेही चेहरे उजळले.

"बरं झालं आलात साडूभाऊ. सांगा यांना."

"हां, आता सांगा भाऊ, यांनाच सांगा."

"सांगा हो, मुलं ताटकळलीत."

आलोचभाऊंनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे. त्यांचा हात नकळत खांद्याकडे गेला. तिथे आयुष्यभर रुमाल असायचा. आज नव्हता. "आधी सगळे गरम गरम चहा घेऊ," ते म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. मुलांना बिस्किटं दिली. चहा संपला. रिकामे पेले घेऊन सगळे पुन्हा त्यांच्याकडेच बघायला लागले.

साडूंनी पेला जमिनीवर ठेवला. "म्हणजे तुम्ही तिघांनाही हो म्हणालात," ते हळू आवाजात म्हणाले. "माझे घोडे आज उघड्यावर आहेत, साडूभाऊ."

आलोचभाऊ रिकामे पेले गोळा करायला लागले. लाँड्रीबाई तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "उद्याच्या सभेत हा एकच विषय. आणि भाऊ, उद्या चहा नाही."

घरी आलोचभाऊ जेवले नाहीत. वरच्या अंगणात घोड्यांचे खूर वाजत होते. पाठीवर पोती बांधून ते तिथेच उभे केले होते.

"दाजींना काय सांगणार आहात?" बायकोने विचारलं.

"बघू. काहीतरी व्यवस्था..."

"तो शब्द या घरात पुन्हा काढू नका," ती म्हणाली. "मला एक सांगा. मनात काय आहे तुमच्या? जागा कोणाला द्यावीशी वाटते?"

आलोचभाऊंनी ताट बाजूला सारलं. "पोरांना," ते म्हणाले. "टॅक्सी कुठेही उभी राहील. तबेला आहे त्याच उतारावर नीट बांधता येईल. पण पोरांना दुसरी सपाट जागा आणायची कुठून? डोंगर काही हॉटेलात मागवता येत नाही."

"मग हेच दाजींना सांगा."

"अगं, त्यांनी माझ्या शब्दावर छप्पर उतरवलं! नाही कसं म्हणू? उद्यापासून ते माझ्या दारासमोरून मान फिरवून जातील. तुझी बहीण वरून हाक मारायची बंद होईल."

"ताईचं मी बघते. आणि दाजी रागावलेले आत्ताही आहेतच. तुम्ही गोड बोललात तर ते राग घेऊन जातील, वर फसवणूकही घेऊन जातील. नुसता राग बरा."

दुसऱ्या दिवशी बिलियर्डची खोली गच्च भरली. मागच्या बाकावर दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या होत्या, पण बोलत नव्हत्या. सभासदांची मतं फुटली. लाँड्रीबाई आणि कंपाउंडर मुलांच्या बाजूने. "या गावात जिथे म्हणून सपाट आहे तिथे आपण पाहुण्याची खुर्ची मांडलीय," लाँड्रीबाई म्हणाल्या. "एक जागा तरी आपल्या पोरांना ठेवा." फोटोग्राफर तबेल्याच्या बाजूने, कारण त्याचे निम्मे फोटो घोड्यावरचे. बेकरीवालाही तबेल्याच्या बाजूने, कारण त्याचा शिळा पाव घोडेच संपवायचे. आता सगळं अध्यक्षांच्या मतावर येऊन ठेपलं.

"टॅक्सीवाल्यांचं काय ते आधी सांगून टाका," लाँड्रीबाईंनी सुचवलं.

आलोचभाऊ उभे राहिले. "टॅक्सी म्हणजे आपल्या गावाची शान. पाहुणा पहिलं तोंड बघतो ते टॅक्सीवाल्याचं. आणि टॅक्सीवाल्यांत मिशीवाल्यांसारखा माणूस..."

"भाऊ," मिशीवाले मागून म्हणाले, "मिशीचं राहू द्या. हो की नाही?"

आलोचभाऊंनी घसा साफ केला, पुन्हा केला. "नाही," ते म्हणाले. इतक्या हळू, की कंपाउंडरने "काय?" म्हणून विचारलं. मग ते जरा मोठ्याने म्हणाले, "नाही."

"बरं तर," मिशीवाले म्हणाले. "मग आम्ही बसथांब्याच्या मागे बघतो. हे आधीच बोलला असतात तर बादलीभर चुना वाचला असता ना राव!" आणि ते खाली बसले.

आलोचभाऊ चकित होऊन बघतच राहिले. छप्पर कोसळलं नाही, कोणी उठून गेलं नाही, कोणी मालकाला बोलावलं नाही. उगाच आपण जन्मभर या शब्दाला घाबरलो, असं क्षणभर त्यांना वाटलंसुद्धा. तेवढ्यात साडू उठून उभे राहिले.

"आता माझं सांगा."

"साडूभाऊ," आलोचभाऊंचा आवाज आपोआप मऊ झाला, आणि ते किंचित पुढे वाकले. "सपाटी काय, तुमचीच आहे. पण मी म्हणतो, त्याहून छान अशी एक..."

"मी तुमच्या टेबलावर बसलेला पाहुणा नाही," साडू म्हणाले. "मला सूप विकू नका."

कोणीच हसलं नाही. आलोचभाऊ सरळ झाले. दोन्ही हात त्यांनी फळीवर टेकले.

"नाही," ते म्हणाले. "तबेला सपाटीवर होणार नाही. जागा मुलांची राहील. माझं मत तिकडे."

"मी छप्पर उतरवलं ते कोणाच्या शब्दावर?"

"माझ्या. विचार न करता बोललो. कालपर्यंत सगळ्यांशी तसाच बोलायचो. चूक माझी आहे. पण ती झाकायला मुलांची जागा देता येणार नाही."

साडूंनी टोपी घातली आणि ते निघून गेले. त्यांची बायको उठली. तिने धाकट्या बहिणीकडे एकदा पाहिलं आणि तीही गेली. ठराव झाला. लाँड्रीबाईंनी आलोचभाऊंच्या पाठीवर थाप मारली, पण त्यांना काही ती कळली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आलोचभाऊ जुनी विजार आणि जुनं जाकीट घालून साडूंच्या घरामागच्या उतारावर गेले. साडू खचलेल्या बाजूचे दगड काढून नव्याने रचत होते. आलोचभाऊंनी न विचारता एक दगड उचलला. साडूंनी तो घेतला, पण जागेवर ठेवला नाही, बाजूला टाकला. आलोचभाऊंनी दुसरा उचलला. असा बराच वेळ गेला, मग एक दगड जागेवर बसला.

साडू त्यांच्याशी बोलायला तयार नव्हते. पण काम दोघांचं, बोलल्याशिवाय भागेना. तेव्हा त्यांनी म्हाताऱ्या घोडीला मध्ये घेतलं.

"सांग त्याला," ते घोडीला म्हणाले, "खांब वाकडा धरलाय."

आलोचभाऊंनी खांब सरळ केला. "आता बरोबर आहे का, विचार त्यांना," तेही घोडीलाच म्हणाले.

"जन्मभर ताटं उचललेला माणूस," साडू घोडीच्या कानात पुटपुटले, "खांब काय उचलणार!"

"ताटं वजनाला कमी नसतात म्हणावं."

घोडी आपली एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायची. वरून ताई कठड्यावर वाकून गंमत बघत होती, पण तोंडाला पदर लावून. खालून धाकटी म्हणाली, "ताई, हसतेस काय? चहा टाक!" आणि त्या दिवशी दोघींचं बोलणं सुरू झालं ते त्यांच्या नवऱ्यांच्या आधी.

अशी काही दिवस आलोचभाऊंची पहाट तबेल्यात जायची आणि दुपार कचेरीत. त्यांच्या हातांना घट्टे पडले. कचेरीतही लोकांना आता निराळेच अनुभव यायला लागले. एकाला ते म्हणाले, "तुमची भिंत रस्त्यात येते, मागे घ्या." दुसऱ्याला म्हणाले, "हे होईल, पुढच्या महिन्यात होईल." काही जण नाराज होऊन गेले. बाजारात कुजबुज झाली, की अध्यक्ष झाल्यावर माणूस बदलतो हेच खरं. आलोचभाऊंच्या मनाला ते लागायचं. रात्री कूस बदलत ते बायकोला विचारायचे, "मी फार कडक झालो का गं?" ती म्हणायची, "झोपा."

खांब उभे राहिले. आडव्या लाकडांना खिळे ठोकून झाले. आता फक्त पत्रे चढवायचे राहिले. थंडी अशी पडली होती, की हातोडीचा दांडासुद्धा गार लागत होता. साडूंनी कमरेवर हात ठेवून वर पाहिलं, मग घोडीकडे पाहिलं. घोडी दुसरीकडे तोंड करून चरत होती. तिचा काही उपयोग होईना, तेव्हा ते सरळ आलोचभाऊंकडे वळले.

"उद्या पत्रे चढवायचेत," ते म्हणाले. "येणार का?"

किती दिवसांनी थेट विचारलेलं! आलोचभाऊंचे डोळे चमकले, ओठ हललेही. पण ते थांबले, आणि त्यांनी थोडा विचार केला.

"उद्या नाही जमणार साडूभाऊ," ते म्हणाले. "पाण्याच्या टाकीसाठी खालच्या शहरातून माणसं यायचीत, दिवसभर त्यांच्यासोबत फिरायचंय. परवा येतो. सकाळीच."

साडूंनी हातोडी खाली ठेवली. मग घराकडे वळून त्यांनी मोठ्याने हाक मारली.

"अगं ए, ऐकलंस का! परवासाठी दोन शिड्या सांगून ठेव."